शेवटची बादली

उतारावरची माती खाली जाते, यात नवल ते काय? पाणी तिला नेतं, वारा नेतो, नुसतं मांजर चालून गेलं तरी चिमूटभर सुटते. नवल तेव्हा वाटावं, जेव्हा खाली गेलेली माती पुन्हा वर येते. आणि काटेवाल्या काकूंच्या परसात ती वर येत होती.

काका जाऊन फार दिवस झाले नव्हते. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली होती आणि घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली होती. एका सकाळी काकूंनी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, तर पायरीच्या कडेला ओल्या मातीचा ढीग. लहानसाच, पण गोल आणि नीट, बादली उपडी करून वरून दोन थापा मारल्यावर उठतो तसा. शेजारी काकांची पत्र्याची बादली उभी. पोटाला पोचा आलेली, हात कापू नये म्हणून कडीला चिंधी गुंडाळलेली. चिंधी ओली होती.

"अहो, इतक्या सकाळी सुरू झालात?" काकू बोलून गेल्या.

शब्द तोंडातून सुटले आणि मग त्यांना आठवलं, काका आता नाहीत. त्या तिथंच पायरीवर बसल्या.

आता काकांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काका वजनकाटे दुरुस्त करायचे. एका पिशवीत तेलाची कुपी, मऊ फडकं, डबीत बारीकबारीक वजनं, आणि दुकानामागून दुकान पालथं घालायचं. "जगात सगळं वाकडं चालेल, काटा मध्यावर हवा," हे त्यांचं ब्रीद. माणूस देवमाणूस. पण एखादी गोष्ट डोक्यात बसली, की सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

घर टेकाडाच्या माथ्यावर. मागचं दार उघडलं की परस थेट खाली घसरत जायचं, तळाच्या दगडी कुंपणापर्यंत. वर जुनी थोराड झाडं, आणि त्यांची सावली इतकी दाट की भर दुपारीसुद्धा तिथं संध्याकाळ मुक्कामाला आलेली असायची. अशा जागी गुलाब येतात का? काकांना यायला हवे होते. दरवर्षी ते उतार खणायचे, आणि खणायचे कसे, तर वरून खाली, ओळंबा लावल्यासारख्या सरळ ओळी. त्या ओळींतून पाणी असं धावायचं, जणू त्याच्यासाठी मुद्दाम पन्हळीच बसवल्यात. गुलाब राहायचे बाजूला, आणि माती जाऊन कुंपणापाशी जमायची. मग काका बादली घेऊन खाली उतरायचे आणि ती सगळी माती वाहून वर आणायचे. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. माती मुळात खाली का जाते, हे त्यांनी उभ्या जन्मात विचारलं नाही. "खाली गेलेलं पारडं वर आणायचं, हाच तर माझा धंदा," असं म्हणायचे.

आणि प्रत्येक खेपेला, दारापाशी बादली टेकवताना, धापा टाकत एक वाक्य ठरलेलं : "ही शेवटची."

"सकाळपासनं ऐकतेय," काकू खिडकीतून म्हणायच्या. "तुमची शेवटची काही या जन्मात यायची नाही."

"मग पुढच्या जन्मी आणीन."

"तेव्हा बायको दुसरी बघा. मला नाही धुवायचे असले सदरे."

काम खरोखरच संपलं, की मात्र काका बादली धुऊन पुसून पायरीवर पालथी घालायचे. बादली पालथी म्हणजे आटोपलं, आता वाढायला घ्या. हा त्यांचा शिरस्ता कधी चुकला नाही. चुकला तो एकदाच. ज्या सकाळी काका अंथरुणातून उठलेच नाहीत, त्या सकाळी बादली उताराच्या मध्यावर उभी होती. अर्धी भरलेली.

त्या पहिल्या ढिगानंतर काकू कान देऊन राहू लागल्या. आणि तिन्हीसांजेला, त्या देवाचं नाव घेत स्वयंपाकघरात बसल्या असताना, परसातली पाखरं एकदम गप्प झाली. दाराखालच्या फटीतून गार हवा आत आली आणि तिच्यासोबत वजनकाट्याच्या तेलाचा वास. मग कडीचा आवाज. कुईं... कुईं... बादली वर येत होती. पायरीपाशी ती टेकली. माती ओतल्याचा भस्सकन आवाज झाला. दोन थापा. आणि मग, इतक्या हळू की ऐकलं की आठवलं ते सांगता येऊ नये, "ही शेवटची."

काकूंनी धावत जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी पुन्हा काही ऐकूही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या शहाण्या झाल्या. दार उघडायचं नाही. आत, दाराला पाठ लावून पाटावर बसायचं.

कुणी म्हणेल, भीती नाही वाटली? अहो, भीती परक्याची वाटते. ज्याचं घोरणं सगळं आयुष्य उशाशी ऐकलं, त्याच्या पावलांना कोण भिणार? काकू रोज त्या पाटावर बसून भाजी निवडायच्या आणि दाराआडच्या माणसाला दिवसभराच्या बातम्या द्यायच्या. नळाला पाणी आलं नाही. समोरच्यांची सून माहेरी गेली ती चांगली गाल फुगवून. उत्तर यायचं नाही, पण काका जिवंत असतानाही कुठं यायचं? फक्त मधूनमधून ते तीन शब्द... नाही, दोनच. ही शेवटची. आणि काकू हसून म्हणायच्या, "बरं बरं."

जगाला यातलं काही सांगायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं त्यांचं चाललं होतं.

पण डोळे मिटले म्हणून भिंतीची भेग मिटत नाही. लेक माहेरपणाला आली आणि आल्या पावली परसात गेली. परत आली ती कपाळाला हात लावून.

"आई, पायरी अधांतरी आहे. खाली माती नाही, माझा हात जातोय आरपार. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ही भेग कधी पडली?"

"ती होय? ती जुनीच आहे."

"जुनी? गेल्या खेपेला माझं नख जात नव्हतं तिच्यात, आता बोट जातंय. बाबा होते तोवर ते वाहत होते माती. आता कोण वाहणार?"

काकूंनी पदरानं भेगेतली धूळ पुसली.

"हे बघ, मी भांडायला आले नाही. पण दोनांतलं एक कर. एकतर हा उतार कायमचा धरून ठेवायची सोय करू, नाहीतर घर विकू आणि तू माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे? आठव्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे, आई."

"लिफ्ट मला आहे गं," काकू म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. आठव्या मजल्यावर माती कोण नेणार? तिथं दाराआड कोण येणार?

घर सोडायचं नसेल तर उतार बांधायचा. काकूंनी उतार निवडला.

लेकीची एक शाळेतली मैत्रीण बागा करायची. तिला सगळे बागवालीच म्हणत. गुडघ्यापर्यंत बूट, केसांत पेन्सिल, आणि तोंड असं की रोपांनासुद्धा शिव्या. तिनं परसात पाऊल टाकलं, वर झाडांकडे पाहिलं, खाली कुंपणाकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "हे वरून खाली चर कुणी मारले?"

"आमच्या ह्यांनी," काकू म्हणाल्या.

"देवमाणूस होते म्हणतात."

"होते."

"मग राहू दे, बोलत नाही." ती उकिडवी बसली, मूठभर माती उचलून दाबली, वास घेतला. "काकू, ऐका. गुलाब विसरा. ही सावली आहे, तिच्याशी भांडायचं नाही, तिची मर्जी राखायची. आधी आडवे ओटे पाडू, वीतवीतभर. वर एक रोप, खालच्या ओळीत त्याच्या समोर नाही, दोघांच्या मधल्या जागेत. म्हणजे पाणी धावायला लागलं की दर पावलाला कुणीतरी आडवं येतं. वरच्या भागात नेचे. मधे स्पायडर प्लांट, त्याला पिल्लं इतकी होतात की जागा कमी पडेल. तळाला जमिनीलगत पसरणारी वेल. सगळ्यावर काथ्याची जाळी, खुंट्या मारून. मुळं धरेपर्यंत जाळी माती धरील, मग मुळं धरतील, आणि जाळी कुजून मातीत जाईल."

"आणि देखभाल?"

"तीच तर गंमत. पहिलं वर्ष जरा लक्ष. मग खत नको, छाटणी नको, पाणीसुद्धा क्वचित. तुम्ही विसरून गेलात तरी चालेल."

"विसरून कसं चालेल?" काकू पटकन म्हणाल्या.

बागवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. "तसं नव्हे हो. म्हणजे कुणी राबायला नको. उतार आपला आपल्याला धरून राहील. इथं कुणाचं काही काम उरणार नाही."

हे वाक्य लेकीला फार आवडलं. काकू मात्र पायरीपाशी उभ्या बादलीकडे बघत राहिल्या.

काम सुरू झालं. बागवाली आणि तिच्याबरोबरच्या दोन बायका सकाळी यायच्या, दुपार कलली की जायच्या. वरून खाली एकेक ओटा पडत गेला. काकांचे सरळ चर बुजले आणि त्यांच्यावर आडव्या रांगा आल्या. नेचे सुरुवातीला रुसून बसले, मग एका सकाळी त्यांनी मुठी सोडल्या. ओलसर, हिरवी, झिरझिरीत पानं त्या काळोखात अशी उजळली, की काकूंनाही नाही म्हणता आलं नाही. भाजी निवडताना दाराआड त्या म्हणाल्या, "पोरीच्या हाताला गुण आहे हो. तुमच्या गुलाबांनी नाक मुरडलं असतं, पण बरं दिसतंय."

बाहेर कडी वाजली खरी. पण एकदाच.

पूर्वी दिवेलागणीपासून अंधार दाटेपर्यंत खेपा चालायच्या. आता दोनतीन व्हायच्या, कधी एक. वरच्या ओट्यांवरून माती सुटतच नव्हती, तर खाली जाणार काय आणि वर येणार काय? सकाळचे ढीगही लहान होत गेले, ताटलीएवढे, मग वाटीएवढे. बागवालीनं ते पाहिले होते. तिला वाटायचं, काकूच माती वाहतात, आणि ती रागवायची. "तुमचे गुडघे बघा, आणि तुमची हौस बघा! खाली उतरायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"हौस दांडगी," काकू म्हणायच्या.

आणि मग ती संध्याकाळ आली. काकू पाटावर बसल्या. भाजी निवडून झाली. बातम्या सांगून झाल्या. परसात पाखरं किलबिलत होती, किलबिलतच राहिली. फटीतून आलेल्या हवेला ओल्या पानांचा वास होता, तेलाचा नव्हता. अंधार झाला. काकूंनी दारावर हात ठेवला. "अहो," त्यांनी हाक मारली. "रागावलात का?"

दुसऱ्या दिवशीही तेच.

माणूस दुसऱ्यांदा जातो तेव्हा कुणी भेटायला येत नाही. कुणी म्हणत नाही, धीर धरा. काकू त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि सकाळी उजाडताच काठी टेकत, एकेक ओटा धरत, तळापर्यंत उतरल्या. कुंपणाच्या डाव्या कोपऱ्याला, शेजारच्या छपराचं पाणी जिथं पडतं तिथं, बागवालीनं नवी वेल लावली होती. काकूंनी आधी देवाची क्षमा मागितली. मग खुंट्या उपटल्या, जाळी गुंडाळली, वेलीच्या काड्या काढल्या, आणि नळाची रबरी नळी लावून पाणी सोडलं. माती सैल झाली, गढूळ झाली, आणि कुंपणाच्या दगडांपाशी जाऊन बसली.

त्या संध्याकाळी पाखरं गप्प झाली. तेलाचा वास आला. कुईं... कुईं...

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि नव्या नवरीसारख्या हसल्या.

"घूस," दुसऱ्या दिवशी कोपरा बघून बागवाली म्हणाली. तिनं वेल पुन्हा लावली. तिची पाठ वळली आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी ती पुन्हा उपटली. "मोठी घूस दिसते," बागवाली म्हणाली आणि काकूंच्या चपलांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. कोपऱ्यातली जखम दर खेपेला मोठी होत चालली. तिच्या वरचा ओटा खचला, मग त्याच्याही वरचा.

लेकीचा फोन यायचा. "कसं चाललंय? भेग वाढली नाही ना?"

"नाही गं," काकू म्हणायच्या. भेगेत आता दोन बोटं जात होती.

आपल्याला वाटतं, जीव मोठ्या गोष्टींत अडकतो. सोन्यानाण्यात, घरादारात. छे! ते सगळं माणूस एका श्वासात टाकून जातो. अडकतो तो अर्ध्या राहिलेल्या कामात. आणि त्याहून घट्ट अडकतो तो दुसऱ्याच्या मुठीत. पिंजऱ्याचं दार उघडं असून पाखरू उडत नाही, तेव्हा पिंजरा बघू नये. बाहेर त्याला हाक कोण मारतंय, ते बघावं. काकूंनी कीर्तनात असं कितीतरी वेळा ऐकलं होतं, मान डोलावली होती, डोळेही पुसले होते. पण ऐकलेलं कानात राहतं. उरात उतरायला त्याला एखादी संध्याकाळ लागते.

काकूंची ती संध्याकाळ आभाळ भरून आलेलं असताना आली. कोपरा त्यांनी सकाळीच मोकळा केला होता. कडीचा आवाज सुरू झाला, पण कुईं आणि कुईं यांच्यामध्ये फार वेळ जात होता. काकू भाजी खाली ठेवून ऐकू लागल्या. बादली टेकली, पण पायरीपाशी नाही, खूप खाली. मग श्वास ऐकू आला. ओढून घेतलेला, शिट्टी वाजल्यासारखा. काका जिवंत असताना धापा टाकायचे, पण असा श्वास त्यांनी कधी घेतला नव्हता. फक्त शेवटच्या रात्री घेतला होता.

बादली उचलली गेली. दोन पावलं. पुन्हा टेकली.

"ही..." दाराआडून आवाज आला. तो आता चेष्टेचा नव्हता. एखादं मूल विचारतं, जाऊ ना आता घरी, तसा होता. "ही शेवटची?"

काकूंनी दाराच्या फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला. उतारावर धूसर उजेड होता. नेचे अजिबात हलत नव्हते. त्यांच्या मधोमध ती पोचा आलेली बादली उभी होती, काठोकाठ भरलेली. पाहता पाहता कडी उभी झाली, ताठ झाली. बादली मातीपासून जेमतेम बोटभर उचलली, थरथरली, आणि पुन्हा खाली बसली. पुन्हा उचलली. पुन्हा बसली. तिला वर आणणारं कुणी दिसत नव्हतं, पण तो किती थकलाय ते दिसत होतं.

"अगं बाई," काकूंच्या तोंडून निघालं. "मी कुणाला राबवतेय?"

त्यांनी दार उघडलं. यावेळी धावत नाही, सावकाश. सगळं थांबेल हे त्यांना माहीत होतं, आणि थांबलंच. पण बादली तिथंच उभी राहिली. काठी पायरीवर टाकून काकू बसत, सरकत, नेच्यांच्या आधारानं तिथवर गेल्या. कडीची चिंधी गार होती.

"ठेवा तुम्ही," त्या म्हणाल्या. "खूप झालं. ही मी नेते."

आता सांगा, त्या वयात, त्या गुडघ्यांनी, मातीनं भरलेली बादली चढावर कशी न्यायची? त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. पहिल्या पावलाला वाटलं, खांदा निखळणार. दुसऱ्या पावलाला बादली थोडी कलली. आणि मग तिचं वजन अर्धं झालं. कडीच्या दुसऱ्या टोकाला जणू कुणी हात घातला होता. बाजारातून जड पिशवी आणताना नवरा-बायको एकेक बंद धरून चालतात ना, तशी ती बादली दोघांच्या मधे तरंगत वर आली. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोललं तर हात सुटेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

पायरीपाशी त्यांनी माती अधांतरी दगडाखाली ओतली, हातानं आत सारली, आणि दोन थापा मारल्या.

"ही शेवटची," काकू म्हणाल्या. "माझा शब्द आहे."

सकाळी बागवाली आली, तेव्हा काकू तळाच्या कोपऱ्यात चिखलात बसलेल्या होत्या. केसांना माती, पदराला माती.

"काकू! अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"ये, बैस. तुला घूस दाखवते," काकू म्हणाल्या. "ही बघ. साठी ओलांडलेली आहे, चष्मा लावते."

बागवालीनं हसू दाबलं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. घूस मुळं कुरतडते. खुंट्या उपटून, पुसून, एकावर एक रचून ठेवत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"आईच्या वयाच्या बाईला घूस कसं म्हणू?" ती शेजारी बसली. चिखलातली एक खुंटी उचलून तिनं विचारलं, "पण का हो?"

काकूंनी हातातली काडी मातीत रोवली, भोवती अंगठ्यानं दाबलं. "मी कोपरा मोकळा ठेवत होते. कुणीतरी येत होतं त्याच्यासाठी. काल पाहिलं, त्याला दम लागतो." त्यांनी दुसरी काडी उचलली. "आता नको यायला."

वर पायरीपाशी उभ्या असलेल्या बादलीकडे बागवालीनं एकदा पाहिलं, अंगावर काटा आल्यासारखे दंड चोळले, आणि पिशवीतून वेलीच्या काड्या काढून काकूंच्या हातात एकेक देऊ लागली. "खोल नको. तिरकी. हां, अशी. गाढवा, नीट उभी राहा... तुम्हाला नाही हो, वेलीला."

दोघींनी मिळून तो कोपरा भरला. छपराच्या पाण्याखाली चपटे दगड बसवले, जाळी अंथरली, खुंट्या मारल्या. खचलेले ओटे पुन्हा बांधले. पायरीखाली दगड आणि माती ठासून भरली. काकूंनी बादली धुतली आणि पायरीवर उभी करून ठेवली. पालथी घातली नाही. तो त्यांचा मान नव्हता.

त्यानंतर मोठा पाऊस झाला. रात्रभर झोडपत होता. काकू सकाळी दार उघडायला कचरत होत्या, पण उघडलं. पाणी वरून निघालं होतं, पण दर पावलाला कुणी ना कुणी त्याला आडवं गेलं होतं. नेच्यानं अडवलं, स्पायडर प्लांटच्या पिल्लांनी थोपवलं, वेलीनं उरलंसुरलं पिऊन टाकलं. कुंपणापाशी मूठभरसुद्धा माती नव्हती. सगळा उतार आपल्या जागी होता, ओला, हिरवा आणि अगदी गप्प.

तिन्हीसांजेला काकू पाटावर बसल्या. दार त्यांनी मुद्दामच लोटलं होतं. पाखरं शेवटपर्यंत बोलत राहिली. कडी वाजली नाही. बराच वेळ गेला, आणि त्या उठणार तोच फटीतून तेलाचा वास आला. अगदी पुसटसा, काटा दुरुस्त करून फडक्यानं पुसल्यावर बोटांना उरतो तेवढा. मग पायरीवर पत्र्याचा एक हलका आवाज झाला. एकदाच.

काकूंनी देवाला हात जोडले आणि मग दार उघडलं.

बादली पालथी घातलेली होती.

त्या तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. पायरी आता हलत नव्हती. पोचा आलेल्या पत्र्यावर हात ठेवून त्या खाली अंधारात बघत राहिल्या, आणि आत फोन वाजला तेव्हा उठून गेल्या.

"आई, पावसानं काही झालं नाही ना? बागवाली म्हणाली, उतार तसूभर हलला नाही. मग आता घर विकायचं नाव मी काढत नाही, बाई. राहा तुझी तू तिथं." मग लेकीनं आवाज खाली आणला. "एकटीला भीती नाही ना वाटत?"

काकूंनी उघड्या दारातून परसाकडे पाहिलं. आत येणाऱ्या वाऱ्याला आता फक्त पानांचा वास होता.

"इतके दिवस नव्हती वाटत गं," त्या म्हणाल्या. "आजपासून वाटेल थोडी."